झाडी कापणारी गोळी

देवराव ढोमण्यांनी चाळीस वर्षं बंदुका विकल्या, पण घरात झुरळ निघालं की ते खुर्चीवर पाय घेऊन बसत आणि बायकोला हाक मारत. लतिकाबाई येत, चपलेनं त्याचा निकाल लावत आणि म्हणत, "जगाले बंदुका विकल्या बाप्पा या माणसानं!" दुर्गजवळच्या कोहक्यात, त्यांच्या गल्लीत हा विनोद इतका जुना झाला होता की त्यावर आता कोणी हसतही नसे. देवराव मात्र दर वेळी हसत. माणूसच तसा होता.

दुकान दुर्गच्या बाजारात होतं. काचेच्या कपाटात साखळी लावून उभ्या केलेल्या बंदुका आणि काउंटरमागे देवराव. १९७५ साली, विसाव्या वर्षी ते तिथं चिकटले ते साठी झाल्यावरच सुटले. गंमत अशी की ते लागले तेव्हा शिकारीवर कायद्याची बंदी येऊन तीन वर्षं झाली होती. शिकार संपली होती आणि शिकारीच्या गोष्टींना ऐन बहर आला होता. बंदूक घरी खुंटीवर लटकलेली, हात शिवशिवताहेत, मग करायचं काय? जुने शिकारी तेल न्यायला येत, लायसन्सच्या कागदांचं विचारायला येत, काहीच नसलं तर चहा प्यायला येत, आणि एक पाय स्टुलावर ठेवून सुरू होत. कवर्ध्याकडचं जंगल, सालाची दाट झाडी आणि तीस पावलांवर चितळ! देवराव काच पुसता पुसता ऐकत. एक शब्द खाली सांडू देत नसत.

खरेदी करणारे लोक वेगळेच. बँकेचे गार्ड, डुकरं हाकलायला हवेत बार काढणारे शेतकरी आणि नुसतीच मिरवायला बंदूक हवी असलेले बडे लोक. देवरावांचा एक नेम होता: चुकीची बंदूक कोणाच्या हातात जाऊ द्यायची नाही, मग गिऱ्हाईक उठून गेलं तरी बेहत्तर. बंदूक दाखवायच्या आधी ते तीन गोष्टी विचारत. किती लांब झाडायची आहे? किती वेळ खांद्यावर वागवायची आहे? आणि बार काढाल तेव्हा आजूबाजूला कोण असेल? मग काउंटरखालून बंदुकीच्या दस्त्यासारखा तासलेला एक सागाचा दांडा काढत. डोळे मिटून तो खांद्याला लावायचा आणि मग डोळे उघडायचे. नजर सरळ टोकावर गेली तर माप बरोबर. मान वाकडी करावी लागली तर ती बंदूक तुमची नाही.

रसमड्याला कारखाना असलेला एक गृहस्थ एकदा दुकानातली सगळ्यात मोठी रायफल मागायला आला. देवरावांनी त्याला दांडा लावून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमची मान आखूड आहे. हे तुम्हाले झेपणार नाही." गृहस्थ तणतणत गेला. दुकानाचे मालक शेठजी, त्यांनी कपाळावर हात मारला. पण या दुकानातून गेलेल्या बंदुकीची तक्रार कधी परत आली नाही, हे शेठजींनाही कबूल करावं लागे.

आता देवरावांनी स्वतः शिकार केली होती का? तर नाही. टेस्टिंगसाठी पत्र्याच्या डब्यावर चार बार काढले असतील, तेवढेच. पण हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. "दाट झाडीत काय होते माहीत आहे का..." असं म्हणून ते सुरू झाले की ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस स्वतः तिथं दबा धरून बसला होता. वाटू देत! खोटं तर काही बोललो नाही ना, असं ते स्वतःला समजावत. एवढासा मोठेपणा कोणाला कडू लागतो?

या सगळ्या चांगल्या संसारात एकच खडा होता. जावई.

जावई वाईट नव्हता हो! शुभंकर पोलादाच्या प्लांटच्या सेक्टर २ मधल्या क्वार्टरात वाढलेला, वडील तिथंच साहेब, स्वतः इंजिनिअर होऊन अमेरिकेत मिशिगनला नोकरीला. देवरावांची एकुलती एक अनुजा त्याला दिली त्याला नऊ वर्षं झाली होती. पण या नऊ वर्षांत जावयाचं सासऱ्याशी बोलणं म्हणजे, "नमस्कार बाबा, तब्येत ठीक? हां, अनुजाला देतो." संपलं. देवराव दर रविवारी फोनजवळ दोन-तीन विषय तयार करून बसत, पाऊस, प्लांटची बातमी, गुडघा. विषय तसेच राहत. जावयानं आपल्याशी एकदा मनापासून बोलावं, एवढी एकच हौस या माणसाची उरली होती, आणि ती सांगायचीही चोरी.

मग २०२३ साली श्रावण अधिक आला. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाला नारायण मानून वाण द्यायचं. नारायण मिशिगनमध्ये, म्हणून लतिकाबाईंनी तेहतीस अनारसे डब्यात भरून पार्सल करायची तयारी चालवली होती. तेवढ्यात मंगळवारी सकाळी सात वाजता फोन वाजला आणि पडद्यावर अनुजा नाही, शुभंकर! एकटा!

"बाबा, आई विचारत होत्या वाणात काय पाहिजे. मले अनारसे तर पाहिजेच. पण मतलब... तुमच्याकडून एक अलग चीज मागू का?"

"मागा ना जावईबापू!" देवरावांचा चहा बशीतच राहिला. धोंड्याच्या महिन्यात जावयानं मागितलेल्याला नाही म्हणायचं नसतं, हे काय त्यांना सांगायला हवं होतं?

"मले रायफल निवडून द्या."

आत लतिकाबाईंच्या हातातली चाळणी खाली पडली. "माय वं! अधिकात बंदुकीचं वाण?"

हकीकत अशी होती. तिथं नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीचा सरकारी हंगाम असतो. परवाना घेऊन सगळे रीतसर जातात. शुभंकरच्या साहेबाचं जंगलात एक लाकडी घर होतं, दर वर्षी ऑफिसातले चार-पाच जण तिथं जात आणि या वर्षी त्यालाही बोलावणं आलं होतं. कागदपत्रं झाली, सुरक्षेचा क्लासही झाला. पण रायफल कोणती घ्यावी यावर दहा जणांनी त्याला दहा गोष्टी सांगून भंडावून सोडलं होतं. "मग मले आठवलं," शुभंकर म्हणाला, "की आपल्या घरीच तर एक्सपर्ट आहे. तुम्ही तर जिंदगीभर हेच केलं ना बाबा."

जिंदगीभर हेच केलं! देवरावांचा ऊर असा भरून आला की त्यांना आधी घोटभर पाणी प्यावं लागलं.

"जंगल कसं आहे?" त्यांनी विचारलं. आवाज काउंटरमागचा होता.

"भल्लं दाट. पन्नास-साठ पावलांच्या पुढं काही दिसत नाही."

"चालायचं आहे का बसायचं?"

"सकाळी एक मैल चालत जायचं, मग बसायचं."

"आणि आजूबाजूला?"

"आम्ही पाच जण. पण इधर-उधर बसलेले राहू. सगळ्यांले नारिंगी जाकीट."

"ठीक. आता एखादा दांडा घ्या."

दांडा कुठला मिळायला त्या घरात! शुभंकरनं व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप आणला. इकडं देवरावांनी खराटा उचलला. मग कोहक्याच्या बैठकीत अडुसष्ट वर्षांचा सासरा खराटा खांद्याला लावून उभा आणि मिशिगनच्या बैठकीत जावई पाइप लावून उभा, दोघांचेही डोळे मिटलेले, असा देखावा झाला. "मान वाकवू नका जावईबापू! पाइप वर आणा. पाइप गालाकडे येईल, गाल पाइपाकडे जायचा नाही. हां, उघडा डोळे!" दुधवाला दारात येऊन उभा राहिला आणि दूध न देताच मागं सरकला. शुभंकर हसत सुटला, देवरावही हसत सुटले. नऊ वर्षांत दोघं पहिल्यांदा एका गोष्टीवर हसत होते.

दुकानदारानं शुभंकरसमोर तीन रायफली ठेवल्या होत्या. पहिली थ्री-हंड्रेड मॅग्नम, लांब नळीची. देवरावांनी ती पाच सेकंदांत उडवली. "हे चारशे पावलांवर मारायचं काम. साठ पावलांसाठी तुम्हाले काय करायची? वरून असा धक्का मारते की माणूस बार काढायच्या आधीच डोळे मिटते." दुसरी थ्री-नॉट-एट, आखूड नळी, साधी बोल्टची, म्हणजे दर बारामागं हातानं खटका ओढायची. तिसरी फोर्टी-फाइव्ह-सेव्हंटी, जुन्या घाटाची, अंगठ्याएवढी जाड गोळी आणि तिची चाल संथ.

"तिसरी," देवराव म्हणाले. "दाट झाडीत हलकी, वेगाची गोळी फांदीले लागली की भरकटते. जाड, संथ गोळी झाडी कापत जाते. सरळ." आणि हवेत हात असा फिरवला, जसा चाळीस वर्षं काउंटरवर फिरवला होता.

"वाह बाबा! हे कोणीच नाही सांगितलं इतक्या साफ. शनिवारी जातो दुकानात अन् घेतो."

मग फोन अनुजाकडे गेला. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मले हे बिलकूल पसंत नाही. पण साहेबाले नाही म्हणता येत नाही म्हणते तो. तिथं गडबड झाली तर गोळी माणसाले लागते हो. फक्त तुमच्या भरवशावर जाऊ देऊन राहिली मी त्याले."

"माझ्या दुकानातून गेलेल्या बंदुकीची तक्रार आली आहे का कधी?" देवराव म्हणाले.

त्यानंतरचे चार दिवस काय विचारता! भाजीवालीला कळलं, केशकर्तनालयात कळलं, गल्लीतल्या प्रत्येकाला कळलं की अमेरिकेतल्या जावयाला तिथल्या दहा लोकांनी सांगितलेलं पटलं नाही, सासऱ्याचं पटलं. शुभंकर रोज सकाळी फोन करू लागला. दुर्बीण किती पटीची? तेल कोणतं? देवराव उत्तरं देत आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास बैठकीत फेऱ्या मारत. लतिकाबाई म्हणाल्या, "अजी, तुम्ही तर नव्या नवरीवानी करून राहिले." करत होतेच.

शनिवारी संध्याकाळी त्यांना राहवेना. ज्याच्या तोंडून आपण ही विद्या घेतली त्याला सांगायला नको? स्कूटर काढली आणि दुर्गला भैय्याजींकडे गेले. भैय्याजी म्हणजे त्या जुन्या शिकाऱ्यांतला शेवटचा उरलेला. वय शहाऐंशी, घराणं दुर्गात चार पिढ्यांचं, कान थोडे गेलेले, दात सगळे गेलेले. ओसरीवर बसून ते बेसनाची कडक ठेठरी चहात बुडवून मऊ करत होते. देवरावांनी सगळी कथा खुलवून सांगितली, खराट्यासकट. भैय्याजी पोट धरून हसले.

"अन् कोणती सांगितली मग?"

"जाड गोळीची. दाट झाडी आहे ना! झाडी कापत जाते."

"काय करते?"

"झाडी कापत जाते," देवराव मोठ्यानं म्हणाले.

"कोणी सांगितलं बे तुले?"

देवरावांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतो आहे. "तुम्हीच, भैय्याजी! अठ्ठ्याहत्तर साली. स्टुलावर पाय ठेवून. कवर्ध्याकडचं चितळ, कुड्याची झाडी, तुमची ती मोठी रायफल. गोळी झाडी कापत गेली म्हणाले."

भैय्याजींचं हसू थांबलं. ठेठरी चहातच विरघळली. कप खाली ठेवून ते म्हणाले, "झाडी कापली होती की. चितळ कापलं असं म्हणालो होतो का मी?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं देवराव, की चितळ झाडीमागं होतं. मले शिंग दिसलं अन् मी झाडली. मलेही माझ्या काकानं हेच सांगितलं होतं, जाड गोळी सरळ जाते. ती अंगठ्याएवढ्या फांदीले लागली अन् कुठच्या कुठं गेली. बुधराम म्हणून जनावर उठवणारा आमचा हाकेवाला होता. डावीकडं, चांगला दूर उभा होता. त्याच्या कानाची पाळी घेऊन गेली. दोन बोटं इकडं असती तर डोक्यात." म्हाताऱ्यानं स्वतःच्या कानाला हात लावला. "अरे, कोणतीच गोळी झाडी कापत नाही. जाड नाही अन् बारीक नाही. फट दिसली तर झाडायची, नाही तर घरी यायचं. एवढीच विद्या आहे."

"मग दुकानात तसं कावून सांगितलं?"

"दुकानात काय सांगू, बुधरामचा कान उडवला म्हणून? आठ जण बसले होते चहा प्यायले! मी काय, सगळेच तसं सांगत. कोणी हुकलेलं जनावर सांगते का? अन् तू तर काउंटरमागं उभा राहून ऐकत होता, आम्हाले वाटलं याले तर माहीतच असेल. बंदुका विकते हा."

देवराव ओसरीच्या पायरीवर बसले. किती जणांना सांगितलं होतं हे? डुकरं हाकलणारे शेतकरी, गार्ड, ज्याला त्याला. चुकीची बंदूक कोणाच्या हातात दिली नाही म्हणून छाती फुगवून फिरत होते आणि चुकीची गोष्ट मात्र चाळीस वर्षं चहासोबत फुकट वाटत होते! आणि आता अनुजाचा नवरा, दाट जंगल, आजूबाजूला चार माणसं. तो झाडीत झाडणार, कारण बाबा म्हणाले सरळ जाते.

घड्याळात संध्याकाळचे सात वाजत होते. म्हणजे तिकडं सकाळचे साडेनऊ, दुकान उघडायची वेळ.

आता खरं सांगायचं तर माणसाच्या मनात पहिल्यांदा पळवाटच येते, आणि देवराव काही संत नव्हते. म्हणता येईल, तिसरीचा धक्का फार आहे, खांदा दुखेल, दुसरी घ्या. काम होईल आणि मानही राहील. चार दिवसांत जो जावई नऊ वर्षांचं बोलला त्याला कशाला सांगायचं की तुझा एक्सपर्ट ऐकीव आहे? देवरावांनी हे वाक्य मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. मग फोन लावला.

पडद्यावर शुभंकर आला. मागं बंदुकांची भिंत, शेजारी पांढऱ्या दाढीचा दुकानदार, काउंटरवर ती जाड नळीची रायफल. "बाबा, काय टाइमिंग आहे! बस घेतच होतो."

"थांबा जावईबापू. ते घेऊ नका. त्याचा... त्याचा धक्का लय आहे. दुसरी घ्या."

"धक्का चालेल ना बाबा. मी पाहिला लावून. झाडी कापते म्हटल्यावर तेवढं तर सहन करीनच."

घ्या! पळवाट बंद. भैय्याजी बाजूला बसून देवरावांकडे टक लावून बघत होते.

"नाही कापत," देवराव म्हणाले. "कोणतीच गोळी झाडी नाही कापत. मी चुकीचं सांगितलं."

"पण तुम्ही तर म्हणाले, तुमचा अनुभव..."

"माझा काही अनुभव नाही जावईबापू." एकदा बांध फुटला आणि देवरावांना थांबता येईना. "मी चाळीस वर्षं बंदुका विकल्या, पण जनावरावर एकदाही झाडली नाही. जंगलात रायफल घेऊन एक रात्र, एक दिवस बसलो नाही. झुरळ तुमच्या सासूबाई मारते. जे सांगितलं ते सगळं ऐकीव. ज्याच्याकडून ऐकलं तो इथं बसला आहे, अन् तो आज सांगून राहिला की ते खोटं होतं, त्याच्या हाकेवाल्याचा कान गेला त्याच्यात. तुम्ही मले एक्सपर्ट समजले, मी समजू दिलं. मले चांगलं वाटलं म्हणून समजू दिलं. चूक झाली माझी."

शुभंकरचा चेहरा काही कळेना. पांढऱ्या दाढीवाल्यानं काहीतरी विचारलं, शुभंकरनं इंग्रजीत त्याला सगळं सांगितलं. भलं मोठं सांगितलं. देवरावांना वाटलं, झालं! आता अमेरिकेतल्या दुकानदारासमोरही अब्रू गेली.

दाढीवाला पडद्याजवळ आला, देवरावांकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाला.

"काय म्हणते?" देवरावांनी विचारलं.

"म्हणते, मी पण तीस साल झाले काउंटरमागं आहे," शुभंकर हळूच म्हणाला. "तो सांगून राहिला, हे म्हातारे बरोबर म्हणून राहिले, गोळी नाही कापत झाडी. तरी मी ती जाड रायफल याच गोष्टीवर विकतो, कारण गिऱ्हाइकाले ऐकायले आवडते. अन् म्हणते, काउंटरमागच्या माणसाले 'माझी चूक झाली' म्हणताना मी पहिल्यांदा पाहून राहिलो."

मग भैय्याजींनी फोन हिसकावलाच. थ्री-नॉट-एट पक्की झाली: आखूड नळी, खांद्याला सोसेल असा धक्का, म्हणजे डब्यांवर भरपूर सराव होईल. दुर्बीण कमी पटीची, नाही तर दाट झाडीत नुसती पानं मोठी दिसतात. आणि भैय्याजींनी बिनदातांच्या तोंडानं पुन्हा पुन्हा बजावलं, "थाळीएवढी फट दिसली पाहिजे. फटीत जनावर दिसलं पाहिजे, अन् जनावराच्या मागं काय आहे तेही दिसलं पाहिजे. तीनातलं एक नसलं तर बोट घोड्यावरून बाहेर. समजलं का बेटा?" दाढीवाला मान हलवत होता, त्याला एक शब्द कळत नसूनही.

फोन ठेवताना शुभंकर देवरावांना एवढंच म्हणाला, "ठीक आहे बाबा. ठेवतो." त्या "ठीक आहे"चा अर्थ काय, यावर देवराव रात्रभर तळमळत पडले.

रविवारी सकाळी फोन आला नाही. सोमवारी नाही. लतिकाबाईंनी पार्सल कधीच रवाना केलं होतं, त्यामुळे त्या हात चोळण्याशिवाय काही करू शकत नव्हत्या. देवरावांनी जुनी डायरी काढली आणि ज्या ज्या शेतकऱ्याचा नंबर सापडला त्याला फोन लावायला घेतला. "मी देवराव, बंदुकीच्या दुकानातला. तुम्हाले एक चुकीची गोष्ट सांगितली होती मी." पाटणकडचा एक म्हातारा म्हणाला, "अरे देवराव, तू काय सांगत होतास ते ऐकतच कोण होतं? आम्ही तर चहासाठी बसत होतो." देवरावांना हसू आलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. पण पुढचा नंबर त्यांनी फिरवलाच.

मंगळवारी सात वाजता फोन वाजला. शुभंकर. हातात व्हॅक्यूमचा पाइप.

"बाबा, पाइप गालाकडे येऊन नाही राहिला. पाहा बरं जरा."

बस. त्या गोष्टीवर दोघंही पुढं एक शब्द बोलले नाहीत. देवरावांनी खराटा उचलला, आणि आत लतिकाबाईंनी देवासमोर एक दिवा जास्तीचा लावला.

नोव्हेंबर आला. हंगामाच्या पहिल्या दिवशी देवरावांनी जेवण केलं नाही, नुसता चहा. दुसऱ्या दिवशी भैय्याजींनी सकाळपासून चार फोन केले, "आला का रे?" तिसऱ्या दिवशी सकाळी, लतिकाबाई भाजी घ्यायला कोपऱ्यावर गेल्या होत्या, तेव्हा शुभंकरचा फोन आला. नाक लाल, अंगात अजून नारिंगी जाकीट, गाडीत एकटाच बसलेला.

"सगळे ठीक?" देवरावांनी आधी तेच विचारलं.

"सगळे ठीक बाबा. सगळ्यांचे दोन्ही कान शाबूत."

देवरावांनी डोळे मिटून हात जोडले. "अन् हरिण?"

"आलं होतं. चाळीस पावलांवर. मोठा नर. दाट झाडीमागं, फक्त शिंग अन् पाठ. मी रायफल खांद्याले लावून बसलो. अर्धा तास ते इकडचं पान खाऊन राहिलं, तिकडचं पान खाऊन राहिलं. अन् गेलं. घरी आलो तर सगळे विचारत होते, कावून नाही मारलं? मी सांगितलं, फट मिळाली नाही. साहेबानं पाठीवर थाप मारली बाबा. म्हणाला, पहिल्याच साली एवढा सबर करणारा माणूस मी नाही पाहिला, पुढच्या साली माझ्या बाजूले बस."

"वाह जावईबापू! बरोबर केलं. एकदम बरोबर."

शुभंकरनं गाडीच्या काचेतून बाहेर बघितलं, मग पुन्हा फोनकडे. आवाज खाली गेला.

"बाबा, एक सांगू? कोणाले नका सांगू. अनुजालेही नाही सांगितलं."

"सांगा."

"फट मिळाली होती. चांगली थाळीएवढी. मागं साफ टेकडी होती. सगळं बरोबर होतं. ते असं मान वर करून पाहून राहिलं होतं माझ्याकडं, अन्... नाही झालं माझ्याच्यानं. बोटच नाही गेलं. तुम्हाले सांगावं वाटलं. तुम्ही समजाल म्हणून."

चाळीस वर्षं किती शिकाऱ्यांनी देवरावांना काय काय सांगितलं होतं, पण हे कोणी सांगितलं नव्हतं. ते नुसतं "हो, हो" म्हणत राहिले.

फाटक वाजलं. लतिकाबाई पिशवी घेऊन आत आल्या, मागोमाग शेजारची विजयाही बातमी ऐकायला आली. "अजी, जावयाचा होता ना फोन? काय झालं? मिळालं का हरिण?"

देवरावांनी फोन खिशात ठेवला, एक पाय स्टुलावर ठेवला आणि खाकरले.

"फटच मिळाली नाही ना," ते म्हणाले. "काय सांगू तुम्हाले, अशी दाट झाडी होती तिथं..."